पाटीवाल्याची ओळ

रुग्णालयात त्याला सगळे पाटीवाला म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. सुरुवातीची कित्येक वर्षं तो खरोखरच पाट्या रंगवत होता. ‘शांतता राखा’, ‘तपासणी कक्ष’, ‘रक्त इथे द्या’, ‘ही जागा रुग्णवाहिकेसाठी’. आपलं अक्षर असं होतं की लोक रांगेतला नंबर विसरून बघत राहायचे, असं तो सांगे. रांगेत उभं राहून माणसाने दुसरं बघायचं तरी काय, असं त्याची बायको सांगे. बाण काढण्यात मात्र त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदाच त्याचा बाण उलटा झाला आणि एक्स-रेला आलेली माणसं अख्खी सकाळ स्वयंपाकघरात जाऊन बसली. आचाऱ्याने त्यांना चहा पाजला, त्यामुळे फारशी बोंबाबोंब झाली नाही.

पुढे रंगाचे डबे गेले आणि भिंतींवर स्क्रीन आले. कोणाचा नंबर लागला, कोणते डॉक्टर कुठल्या खोलीत बसलेत, औषधाच्या खिडकीवर कोणाला बोलावलंय, सगळं त्या स्क्रीनवर दिसू लागलं. व्यवस्थापकांना वाटलं, आता या माणसाला सामानाच्या खोलीत चादरी मोजायला बसवावं. पाटीवाला त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, ती पाटीच आहे ना? मग ती माझी.” साहेबांनी चादरींची वही मिटली, आणि पाट्या त्याच्याकडेच राहिल्या.

शिकला तो पडत-धडपडत. स्क्रीन बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसाने त्याला समजावलं, की प्रत्येक स्क्रीनच्या मागे एक लहानसा कॉम्प्युटर आहे, आणि त्यात दुसरंतिसरं काही नसून साधा ब्राउझर चालतो, लोक घरी बातम्या वाचायला उघडतात तोच. फरक एवढाच, की इथे तो बोटाने चित्र दाबून उघडायचा नाही, हुकूम लिहून उघडायचा. मग त्या माणसाने एक काळी खिडकी उघडली आणि तिच्यात एक ओळ लिहिली. आधी ब्राउझरचं नाव, मग दोन आडव्या रेघा आणि एक सूचना, मग पुन्हा दोन रेघा आणि दुसरी सूचना. नुसतं नाव लिहिलं की ब्राउझर आपला नेहमीचा, वर पट्टी, पट्टीवर बटणं, कडेला घड्याळ. सूचना जोडत गेलं की तोच ब्राउझर शहाण्या मुलासारखा सांगू तसं वागतो. त्या सूचनांना कंपनीचा माणूस काहीतरी भारदस्त नाव देत होता, पण पाटीवाल्याने त्यांना शेपट्या म्हणायला सुरुवात केली आणि कंपनीचा माणूस जाईपर्यंत तोही शेपट्याच म्हणू लागला होता.

एक शेपटी लावली की पान सगळा स्क्रीन व्यापून बसतं आणि कोणी कितीही खटाटोप केला तरी हलत नाही. एकीने अक्षरं दुप्पट मोठी होतात. एकीने ब्राउझर मागचं काहीच लक्षात ठेवत नाही, दर वेळी कोरी पाटी घेऊन उठतो. एकीने त्याच्या कुरबुरीच्या चौकटी बंद होतात. हे सगळं एका ओळीत. पाटीवाल्याला त्या ओळीचं इतकं वेड लागलं, की जेवताना तो ताटाच्या कडेला बोटाने दोन आडव्या रेघा ओढायचा. “जेवण पण मोठ्या अक्षरात वाढू का?” असं बायको विचारायची.

शेवटची शेपटी तो फटका खाऊन शिकला. रुग्णालयाने एक मोठा स्क्रीन लावला, त्यावर दुसऱ्या गावातले मोठे डॉक्टर दिसणार होते आणि इथल्या रुग्णांना तिथूनच तपासणार होते. उद्घाटनाला सगळे जमले. ब्राउझर उघडला आणि डॉक्टरांच्या जागी मधोमध एक चौकट आली: ‘या पानाला कॅमेरा वापरू द्यायचा का?’ स्क्रीन छताला चिकटलेला, खाली माऊस नाही, कळफलक नाही. सगळी मंडळी माना वर करून त्या प्रश्नाकडे बघत बसली. शिडी येईपर्यंत मोठे डॉक्टर जेवायला निघून गेले. साहेबांनी पाटीवाल्याचे चारचौघांत कान उपटले, आणि त्याने त्याच दिवशी ती शेपटी शोधून काढली. ती लावली की ब्राउझर कॅमेऱ्याबद्दल, माइकबद्दल विचारतच नाही. जे विचारायचं त्याला स्वतःच ‘हो’ म्हणून मोकळा होतो.

तेव्हापासून पाटीवाल्याचं एक वाक्य ठरून गेलं. “पाटीने सांगायचं असतं,” तो म्हणे, “विचारायचं नसतं.” हे त्याने इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं, की त्याला ते सगळ्याच बाबतीत खरं वाटायला लागलं होतं.

या माणसाला एक मोठी बहीण होती. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्याला वाढवलं. तिचं दोन खुर्च्यांचं पार्लर होतं, आणि त्या दोन खुर्च्यांवर तिने भावाचं शिक्षण केलं, स्वतःची मुलगी मोठी केली, आणि नवरा गेल्यावरही दुकान एकही दिवस जास्त बंद ठेवलं नाही. पाटीवाल्याने आयुष्यातली पहिली पाटी रंगवली ती याच पार्लरची. ताई बाहेरगावी गेली असताना तिला चकित करायचं म्हणून त्याने दारावर एक मोर काढला, मोराच्या पिसाऱ्यात ‘रूपसुंदरी’ असं नाव लिहिलं. ताईला साधं स्वतःचं आडनाव हवं होतं. ती परत आली, मोराकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बाळ्या, विचारलं असतंस तर...” आणि पिशव्या उचलून आत गेली. तो मोर पार्लर बंद होईपर्यंत दारावर होता.

ताईची कामाची एक पद्धत होती, तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत असलेली. बाई खुर्चीत बसली की ताई खुर्ची आधी आरशाकडे पाठ करून फिरवायची. केस कापून, विंचरून, मानेवरचे बारीक केस झटकून सगळं मनासारखं होईपर्यंत गिऱ्हाइकाला आरसा दिसायचा नाही. मग ती विचारायची, “फिरवू?” बाई ‘हो’ म्हणाली की मगच खुर्ची फिरायची. घाईच्या बायका कुरकुर करत. ताई म्हणे, “अर्धवट झालेलं तोंड कोणी कोणाला दाखवू नये, स्वतःला पण नाही.”

अशा बाईला झटका आला. उजवा हात गेला, म्हणजे होता तिथेच, पण हुकूम ऐकेना. तोंडाची उजवी कड खाली उतरली. आणि बोलणं असं झालं, की मनात वाक्य पूर्ण आणि ओठांवर मात्र त्यातले दोनच शब्द. समजत तिला सगळं होतं. पाटीवाल्याने तिला आपल्या घरी आणलं, मागची खोली दिली. ताईने येताना पार्लरमधली एक फिरती खुर्ची आणायला लावली. बायकोने त्या खुर्चीला खोलीत जागा करून देताना आपलं शिवणयंत्र जिन्याखाली हलवलं आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही, हेही इथे सांगायला हवं.

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी पाटीवाल्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. “यांनी रोज बोललं पाहिजे. मनापासून, आवडत्या माणसाशी. माझ्यासमोर गिरवलेले शब्द उपयोगाचे नाहीत. बोलत राहिल्या तर बरंचसं परत येईल. गप्प बसल्या तर आहे तेवढंही जाईल.”

आवडतं माणूस म्हणजे मुलगी. ती परदेशात, नोकरीत, आणि त्यात सातवा महिना. तिला विमानात बसायची डॉक्टरांनी मनाई केली होती. तिला ‘हलकासा झटका होता, आता बरी आहे’ एवढंच कळवलं होतं. ताईनेच डाव्या हाताने भावाचं मनगट धरून तसं सांगायला लावलं होतं.

तेव्हा पाटीवाला कामाला लागला. रुग्णालयातून निकालात काढलेला एक स्क्रीन आणि त्याच्यामागचा कॉम्प्युटर त्याने रीतसर अर्ज करून मिळवला, वर कॅमेरा बसवला, आणि काळ्या खिडकीत ताईसाठी ओळ लिहिली. स्क्रीनभर पान. मोठी अक्षरं. मागचं काही लक्षात ठेवायचं नाही. कुरबुर करायची नाही. आणि शेवटी भाचीच्या गप्पांच्या पानाचा पत्ता. ती ओळ त्याने अशी ठेवून दिली, की ताईने नुसतं यंत्राचं बटण दाबायचं, पुढचं सगळं ओळ करणार. सकाळी ताईने बटण दाबलं की तिकडे संध्याकाळी कामावरून आलेली मुलगी त्याच पानावर वाट बघत असे.

मध्ये एकच प्रश्न येत असे. ब्राउझर काही लक्षात ठेवत नसल्यामुळे रोज नव्याने विचारायचा: ‘कॅमेरा वापरू द्यायचा का?’ खाली ‘हो’ आणि ‘नको’. ताई डाव्या हाताने माऊस हळूहळू सरकवून ‘हो’ दाबायची आणि मुलगी समोर यायची. मग दारामागून ऐकणाऱ्या पाटीवाल्याला दोन शब्द ऐकू यायचे, आठवड्याभराने तीन, आणि एके दिवशी चक्क तक्रार ऐकू आली: “मामी... मीठ... घालतच नाही.” बायको स्वयंपाकघरातून ओरडली, “डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून!” आणि इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात त्या दिवशी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता.

आता एवढं सुरळीत चाललेलं असताना माणसाने हात लावू नये. पण पाटीवाल्याचा स्वभाव पाटीवाल्याचा. एकदा भाची सहज म्हणाली, “मामा, आईला जोडायला फार वेळ लागतो हं. मी आपली बसून असते.” पाटीवाल्याने दाराच्या फटीतून बघितलं. प्रश्नाची चौकट स्क्रीनवर आली होती आणि ताई तिच्याकडे पाठ करून बसली होती. माऊसला हातही लावत नव्हती. त्याला वाटलं, हिला तेवढंसं बटण सापडत नाही, प्रश्न वाचता येत नाही, आणि सांगायची लाज वाटते म्हणून बिचारी पाठ करून बसते.

ताई तपासणीला गेली असताना त्याने ओळ उघडली आणि तिला आपली शेवटची शेपटी लावून टाकली, सगळ्या प्रश्नांना ‘हो’ म्हणणारी. त्याच उत्साहात त्याने टेबलही आवरलं. कळफलकाशेजारी एक कंगवा, एक हातातला आरसा, घडी केलेला रुमाल आणि खांद्यावरून घ्यायची शाल असा पसारा पडला होता. तो सगळा त्याने कपाटात ठेवला. टेबल कसं मोकळं आणि स्वच्छ दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी ताईने बटण दाबलं. काय झालं ते घरात कोणाला कळलं नाही. पाटीवाला कामावर होता, बायको गच्चीत कपडे वाळत घालत होती. ती खाली आली तेव्हा यंत्र बंद होतं, ताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

त्यानंतर ताईने यंत्राला हात लावला नाही. “बरं... नाही,” म्हणायची. मग “बरं” गेलं आणि नुसतं “नाही” उरलं. मग तेही गेलं आणि ती फक्त मान हलवायला लागली. बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या, त्यांच्याकडेही बघेना. जाताना बाई दारात पाटीवाल्याला म्हणाल्या, “हे असंच चाललं तर अवघड आहे.” तिकडून भाचीचे फोन सुरू झाले. मामाने सांगितलं, यंत्र बिघडलंय, दुरुस्त करतोय.

आणि तो खरंच दुरुस्त करत बसला! आवाज कमी येत असेल म्हणून एक शेपटी लावली. चित्र अडकत असेल म्हणून एक लावली. रंग डोळ्यांना बोचत असतील म्हणून अंधाऱ्या रंगाची लावली. ओळ वाढत वाढत काळ्या खिडकीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा अलीकडे वळली. ताई पलंगावरून त्याच्या पाठीकडे बघत असायची. बायकोने दोन दिवस हे सहन केलं. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्या समोरचा कळफलक उचलला आणि काखेत धरला.

“अहो, यंत्राला काय विचारत बसलाय? माणसाला विचारा ना!”

“विचारून सांगणार आहे का ती? तिला बोलता कुठे येतंय?”

“तुम्ही एकदा विचारून तर बघा. मोठ्या अक्षरात नको, साध्या आवाजात.”

पाटीवाला ताईच्या पलंगाच्या कडेला बसला. बसल्यावर त्याला काय विचारावं तेच सुचेना. इतक्या वर्षांत त्याने ताईला बरंच काही सांगितलं होतं, आणून दिलं होतं, करून दिलं होतं. विचारलेलं काही पटकन आठवेना.

“ताई,” तो म्हणाला, “काय झालं गं?”

ताईने डाव्या हाताने स्क्रीनकडे बोट केलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“विचा... रलं... नाही.”

“कोणी? पोरीने? ती तर रोज विचारते, आई कशी आहे म्हणून.”

ताईने जोरात मान हलवली. बोट स्क्रीनकडेच. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून तिने लगेच भिंतीकडे तोंड केलं. पाटीवाल्याला काही उमगलं नाही, पण आपण कुठेतरी माती खाल्लीय एवढं त्याला कळलं. त्याने जिन्यात जाऊन भाचीला फोन लावला.

“खरं सांग,” तो म्हणाला, “त्या दिवशी काय झालं?”

भाचीने आधी तिकडचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, “मामा, रोज आई जोडली जायची ना, ती कशी छान बसलेली असायची. केस विंचरलेले, शाल घेतलेली, डावी बाजू पुढे. त्या दिवशी एकदम दिसली. केस मोकळे, उजवीकडे लाळ ओघळलेली, ती पुसायला काहीतरी शोधत होती टेबलावर आणि तिला सापडत नव्हतं. मी ‘आई’ म्हटलं तर दचकली. कॅमेऱ्याकडे अशी बघितली, मामा... मग हाताने तोंड झाकलं आणि बंदच केलं.” ती रडायला लागली. “मला तिचं तोंड कसंही चालतं रे. पण तिला नाही चालत. तिला माहीत नव्हतं का मी बघतेय ते?”

पाटीवाला तिथेच पायरीवर बसला. शेजारून कोणी वर गेलं, ‘काय, बरं आहे ना?’ म्हणालं, आणि याने ‘हो’ म्हटलं. मग त्याला त्या ‘हो’चंच हसू आलं, तेही धड नाही.

तो आत गेला, बायकोकडून कळफलक मागून घेतला आणि आपली ओळ उघडली. पहिल्यापासून एकेक शेपटी वाचत गेला. स्क्रीनभर पान, हे ठीक. मोठी अक्षरं, ठीक. मागचं विसरणं, ठीक. मग ती ‘हो’ म्हणणारी आली. ही छताला टांगलेल्या पाटीसाठी होती, जिच्याखाली उत्तर द्यायला कोणी नव्हतं. इथे खाली ताई होती. ब्राउझर रोज सकाळी तिच्यापाशी येऊन दारात थांबायचा, येऊ का विचारायचा, आणि ती त्याला तसाच उभा ठेवून, खुर्चीची पाठ त्याच्याकडे करून, कंगवा घ्यायची, तोंड पुसायची, मेलेला हात शालीखाली ठेवायची, आणि मग फिरायची. याने मध्येच तिच्या वतीने ‘हो’ म्हणून दार सताड उघडून दिलं होतं. आणि कंगवा, आरसा, रुमाल वर कपाटात टाकले होते, पसारा म्हणून. पाटीवाल्याच्या कानशिलात कोणी मारली असती तरी त्याला एवढं लागलं नसतं.

त्याने ती शेपटी खोडली. नंतर घाबरून लावलेल्या सगळ्या खोडल्या. ओळ पुन्हा लहान झाली. कपाटातून कंगवा, आरसा, रुमाल आणि शाल काढली आणि होती तशी, कळफलकाच्या डाव्या बाजूला ठेवली. शालीची घडी त्याला ताईसारखी जमली नाही.

“ताई,” तो म्हणाला, “मी गाढव आहे.”

भिंतीकडून ते नाकारलं गेलं नाही.

“आता तो ब्राउझर आधी विचारेल. परत कधी न विचारता यायचा नाही. बघतेस का? बघावंसं वाटलं तरच.”

बऱ्याच वेळाने ताई उठून बसली. बायकोने तिला धरून खुर्चीपर्यंत आणलं. पाटीवाल्याने ओळ चालवली. स्क्रीन उजळला आणि मधोमध चौकट आली, मोठ्या अक्षरांत: ‘या पानाला कॅमेरा वापरू द्यायचा का?’

ताईने ती चौकट वाचली. मग भावाकडे बघितलं. मग डाव्या हाताने माऊस धरला, हळूहळू सरकवला आणि ‘नको’ दाबलं.

पाटीवाल्याचं तोंड एवढंसं झालं. “नको का? बरं. राहू दे. बंद करतो.”

पण ताईचे खांदे हलत होते. त्याला वाटलं रडते आहे. ती हसत होती, अर्ध्या तोंडाने, आवाज न करता. आपण ‘नको’ म्हटलं की तो खरंच ऐकतो का, हे तिला बघायचं होतं. तिने बोटाने गोल काढून दाखवलं: पुन्हा.

त्याने ओळ पुन्हा चालवली. ब्राउझरला मागचं काही आठवत नसल्यामुळे नकाराचा राग धरायचा प्रश्नच नव्हता. चौकट पुन्हा आली, तितकीच नम्र. ताईने पायाने जमिनीला रेटा दिला आणि खुर्ची फिरवून पाठ स्क्रीनकडे केली. कंगवा घेतला. मग पाटीवाल्याकडे बघून कंगव्यानेच दार दाखवलं.

“तू... बाहेर.”

ते दोघं नवरा-बायको बाहेर आले. बायकोने दार ओढून घेतलं. पाटीवाला भिंतीला टेकून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याच्या खिशात फोन वाजला. भाचीला त्याने जिन्यातूनच सांगून ठेवलं होतं, पानावर येऊन बस, जमलं तर आई येईल.

“मामा, मी बसलेय कधीची. काही दिसत नाहीये. परत बिघडलं का?”

“नाही गं,” तो म्हणाला. “काही बिघडलं नाही. आई तयार होतेय. थांब जरा.”

“आता मी रात्रभर थांबेन,” ती म्हणाली.

आतून खुर्चीचा ओळखीचा आवाज आला. पार्लरमध्ये लहानपणी गृहपाठ करताना त्याने तो हजार वेळा ऐकला होता, आणि त्याच्या आधी ताईचं “फिरवू?” हे ऐकलं होतं. इथे तिला विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. तिने स्वतःलाच विचारलं असणार. मग माऊसचा टिक् असा आवाज, आणि लगेच दोन ठिकाणांहून, फोनमधून आणि दाराआडून, एकच हाक आली.

“आई!”

पाटीवाल्याने दाराला कान लावला. बायकोने त्याची बाही धरली. आत ताई एखादं जड सामान उचलून आणावं तसे शब्द एकेक करून आणत होती.

“तुझ्या... मामाला...” खुर्ची कुरकुरली. “आज... दार... वाजवायला... शिकवलं.”

तिकडून भाची हसत होती की रडत होती, ते कळायला मार्ग नव्हता. बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. पाटीवाला दारापाशीच उभा राहिला. त्याला आत जाऊन ताईला बघायची फार इच्छा झाली, इतकी की हात कडीवर गेला. मग त्याने तो हात मागे घेतला, बोटं दुमडली आणि दारावर हळूच दोनदा टकटक केली.

“ताई,” त्याने विचारलं, “येऊ का?”

“थांब,” आतून उत्तर आलं, एका दमात, न अडखळता. आणि तो थांबला.